ठकूबाईचा वाटा

बसा, सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. गोष्ट फार जुनी आहे, ढग अजून उंच उडायला शिकले नव्हते तेव्हाची. एका उभ्या कड्याच्या पायथ्याशी तळपेठ नावाचं शहर होतं. तिथले रस्ते म्हणजे सगळे जिनेच. माणूस भाजी आणायला गेला तरी डोंगर चढून आल्यासारखा धापा टाकत परत यायचा. ढग खुशाल दारातून आत शिरायचे आणि बाया केरसुणीनं ते बाहेर लोटायच्या. एखादा आळशी ढग माजघरात लोळत राहिला तर गोधड्या ओल्या व्हायच्या आणि बोलणी मात्र सुनेला बसायची, असं म्हणतात.

आता एवढा मोठा कडा डोक्यावर, तो पडत कसा नव्हता? तर त्याला डोंगऱ्यानं पाठ लावली होती. डोंगऱ्या म्हणजे शहराचा राखणदार. माणूस म्हणावा तर माणूस नव्हे, जनावर म्हणावं तर जनावर नव्हे. त्याच्या खांद्यांवर गवत उगवायचं आणि कानात पाखरं घरटी करायची. रात्रंदिवस तो कड्याला पाठ टेकून बसायचा. त्याबदल्यात शहरानं त्याला रोज मटणाचा एक वाटा द्यायचा. कुठल्याही घराला मिळतो तेवढाच, ना कमी ना जास्त. वाडवडिलांनी तसा शब्द दिला होता.

हा वाटा जायचा नागोजी खाटकाच्या दुकानातून. खाटीक म्हटल्यावर नाकं मुरडू नका हां! रस्सा ओरपताना बोटं चाटायची आणि खाटकाचं नाव निघालं की तोंड वाकडं करायचं, ही आपल्या लोकांची जुनीच खोड आहे. नागोजीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सचोटीनं जगलेलं. दुकानात चिंचेच्या लाकडाचा ओंडका होता, घाव खाऊन खाऊन मधोमध परातीसारखा झिजलेला. नागोजीचा मुलगा सुभाना खिंडीपलीकडच्या धनगरांकडून बकरी आणायचा आणि कापायचा. वाटे घालायची ती त्याची बायको ठकूबाई.

या दुकानात तराजू नव्हता. ठकूबाई पळसाची पानं ओळीनं मांडायची आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं ठेवायची. मांडीचं, बरगडीचं, एखादी नळी, कलेजीचा तुकडा, बोटभर चरबी. मग नागोजी यायचा आणि पानांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसायचा. ठकूबाई एका पानावर बोट ठेवायची आणि विचारायची, "हा कुणाचा?" म्हातारा न बघता पुकारायचा, "तांबटाचा." "हा कुणाचा?" "वरच्या जिन्यावरच्या विधवेचा." मध्येच कधीतरी तो म्हणायचा, "डोंगऱ्याचा." घालणारीला नाव ठाऊक नाही, पुकारणाऱ्याला पान दिसत नाही. वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसावं म्हणतात ना? तर नागोजीच्या दुकानात ती ओळख चालत नव्हती.

आणखी एक रीत होती. वाटे घालणाऱ्यानं सगळ्यात शेवटी उरेल तो वाटा घ्यायचा. आणि कुणी कुरकुर केली, मला कमी आलं म्हणाला, तर भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या दिवशी सुरी त्याच्या हातात द्यायची. म्हणायचं, ये बाबा, आज तू घाल वाटे. एका सोनाराला एकदा असं बसवलं होतं. बिचारा घामाघूम झाला, आणि पुढं जन्मभर मिळेल ते निमूट घेऊन गेला, असं म्हणतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका साली डोंगरात दरड कोसळली आणि खिंड बुजली. धनगरांचे कळप पलीकडे राहिले, धान्याच्या गोण्या पलीकडे राहिल्या, आणि शहर अलीकडे उपाशी राहिलं. कणग्यांचे तळ दिसायला लागले. सुभाना दोर बांधून कडा चढायचा आणि कुठून तरी एखादं हडकुळं बकरं पाठीवर बांधून आणायचा. त्या एका बकऱ्यावर सगळ्या शहराची नजर. पूर्वी ज्या वाट्यात घर जेवायचं, तो आता ओंजळीत मावायला लागला.

दुकानाला लागूनच कोंडाबाई नावाची बाई राहायची. ती नुकतीच बाळंत झाली होती. तिचा नवरा खिंड बुजली तेव्हा पलीकडे होता, तो जिवंत आहे की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून येणार? बाळ दिवसभर रडायचं. ते रडणं भिंतीतून दुकानात ऐकू यायचं. आधी जोरात यायचं, मग हळू हळू बारीक व्हायला लागलं. हा बारीक आवाज ठकूबाईला सोसवेना. तिचं स्वतःचं पहिलं मूल अशाच एका वाईट साली दुधावाचून गेलं होतं. मूल रडतं तोवर बरं असतं, गप्प व्हायला लागलं की मग भ्यायचं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

त्या दिवशी ती वाटे घालायला बसली आणि तिचा हात वाकडा गेला. एका पानावर तिनं सगळी कलेजी ठेवली, चारही पाय ठेवले, मांडीचं मऊ मांस ठेवलं. बाळंतिणीला अळणी रस्सा करायला लागतं ते सगळं. आणि एका पानावर नुसती हाडं. बाकीची पानं सारखी. नागोजी भिंतीकडे तोंड करून बसला. नावं चालली होती. कलेजीच्या पानावर बोट ठेवलं तेव्हा ठकूबाईनं विचारलं, "हा कुणाचा?" आणि ती खोकली.

त्या दुकानात पुकारताना आजवर कुणी खोकलं नव्हतं. म्हातारा क्षणभर थांबला. भिंतीपलीकडचं बारीक रडणं त्यालाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, "कोंडाबाईचा." पुढं हाडांचं पान आलं. ठकूबाई पुन्हा खोकली. म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "डोंगऱ्याचा. त्याचं धड मोठं आहे, एक दिवस सोसेल तो."

संध्याकाळी कोंडाबाईच्या घरातून रश्श्याचा वास आला आणि बऱ्याच दिवसांनी बाळ पोटभर पिऊन झोपलं. ठकूबाईला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

सकाळी उन्हं जिन्यांवर उतरत होती, तोच फडताळातली भांडी खडखडायला लागली. कड्यावरून खडे घरंगळले. लोक ओरडत बाहेर आले आणि बघतात तर काय! डोंगऱ्या उठला होता. जिने दोन दोन पायऱ्यांनी नव्हे, आळीच्या आळी ओलांडत तो खाली येत होता. कानातली पाखरं भेदरून उडत होती. तो नेमका नागोजीच्या दुकानासमोर येऊन बसला, आणि चौक भरून गेला.

"काल माझ्या पानावर हाडं आली," तो म्हणाला. आवाज असा की ओंडक्यावरची सुरी थरथरली. "वाटा वाईट निघाला तर मी कधी बोललो नाही. तुमचाही निघतो. पण हाडं आपोआप एका पानावर गोळा होत नाहीत. दात कोरून पोट भरत नाही, माणसांनो. कुणी केलं हे?"

नागोजी उठला. त्यानं पागोटं काढून ओंडक्यावर ठेवलं. "नाव मी पुकारलं. चूक माझी. सुनेचा हात सरळ आहे माझ्या."

"मामंजी, तुम्ही गप बसा," ठकूबाई पुढं आली. सासऱ्याला ती जन्मात असं बोलली नव्हती. "खोकले मी. वाटा मी वाकडा घातला. ते नुसते समजून गेले."

डोंगऱ्यानं दोघांकडे पाहिलं. "शब्द असा आहे," तो म्हणाला, "की ज्यानं माझा वाटा चोरला, तोच माझा वाटा. दोघांपैकी एक द्या. आणि लवकर ठरवा. माझी पाठ नसली तर कडा उन्हं कलेपर्यंतच उभा राहील."

वर कडा कुरकुरत होता. गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारा पिकलं पान आहे, त्यालाच जाऊ दे. कुणी म्हणालं, पाप तिचं तर तिनंच फेडावं. माणसं वाईट नव्हती हो. पण डोक्यावर कडा लटकत असला की चांगली माणसंही दुसऱ्याचा जीव पटकन देऊन टाकतात. नागोजी तर पाऊल उचलून निघालाच होता. ठकूबाईनं त्याचा हात धरला. ज्या माणसानं तिच्या मेलेल्या पोराला स्वतःच्या धोतरात गुंडाळून नेलं होतं, आणि वर्षभर तिच्यासमोर त्याचं नाव काढलं नव्हतं, तो माणूस तिच्या खोकल्यापायी जायला निघाला होता.

"थांब," ती डोंगऱ्याला म्हणाली. "तुझा शब्द आहे तशी या दुकानाचीही रीत आहे. ज्याला वाटा कमी पडला, त्यानं दुसऱ्या दिवशी वाटे घालायचे. मागं एक बोकड बांधलाय, शहरातला शेवटचा. तो तू वाट. पण सारखा वाट. कुणावर माया नको, कुणावर राग नको. तुला जमलं, तर मी आपल्या पायानं तुझ्या पानावर येऊन बसते. मामंजींचं नाव काढायचं नाही. आणि नाही जमलं, तर आमच्या घरातलं कुणीच न्यायचं नाही."

ती हे डोकं चालवून बोलली की जिवावर उदार होऊन, कुणास ठाऊक. लोक म्हणतात, ती फार हुशार होती. मला विचाराल तर तिला खरंच बघायचं होतं, हे कुणाला तरी जमतं का. आदल्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता तो त्यासाठीच.

डोंगऱ्या हसला. "मी डोंगर तोलतो, बाई. एका बोकडाचं काय घेऊन बसलीस?"

सुभानानं बोकड कापला. पळसाची पानं चौकभर मांडली, पायऱ्यांवर मांडली, घराघराच्या ओट्यांवर मांडली. बोकड तो केवढा आणि शहर ते केवढं! पण डोंगऱ्याचा हात खरंच अचूक होता. विळ्याएवढ्या नखांनी त्यानं असे वाटे घातले की मुंगीलाही फरक सापडला नसता. आवळ्याएवढा एक एक ढीग. सगळ्यांच्या शेवटी एक पान, ते रीतीप्रमाणं वाटणाऱ्याचं, म्हणजे त्याचं स्वतःचं. ठकूबाईनं ते बघितलं. तिनं मनातल्या मनात घराचा निरोप घेतला.

नागोजी भिंतीकडे तोंड करून बसला. डोंगऱ्यानं पहिल्या पानावर नख ठेवलं. "हा कुणाचा?"

"तांबटाचा."

तांबट आला, पान घेऊन गेला. आणि इथंच गंमत झाली, बघा. इतकी वर्षं डोंगऱ्यानं हे शहर वरून पाहिलं होतं. त्याला धूर दिसायचा, छपरं दिसायची, जिन्यांवरून मुंग्यांसारखी माणसं दिसायची. तोंडं कधी दिसली नव्हती. आता एक एक नाव पुकारलं जात होतं आणि एक एक तोंड त्याच्यासमोर येऊन उभं राहत होतं. खोल गेलेले डोळे. वर आलेल्या गालांची हाडं.

"हा कुणाचा?"

"आवली मोळीवालीचा."

आवली आली. तिच्या कडेवर एक पोर, पदराला दोन. आवळ्याएवढा तो ढीग तिनं पाहिला, पोरांकडे पाहिलं, आणि पान उचलायला वाकली. डोंगऱ्याचं नख पानावरून उठेना. मग ते हळूच शेवटच्या पानाकडे गेलं, त्याच्या स्वतःच्या पानाकडे. तिथला एक तुकडा त्यानं उचलला आणि आवलीच्या पानावर सरकवला.

सगळ्यांनी पाहिलं.

पुढं एक आंधळा म्हातारा आला, त्याच्या पानावर एक तुकडा गेला. एक पोरगी आली, तिच्या घरात तीच एकटी उरली होती. तिलाही एक गेला. डोंगऱ्या आता कुणाकडे बघायचं टाळायला लागला. तोंड फिरवून विचारायचा, हा कुणाचा, हा कुणाचा. पण माणूस समोर येऊन उभं राहिलं की त्याचं नख आपलं चाललंच शेवटच्या पानाकडे. उन्हं कलायला आली. कड्यावरून आता खडे नव्हे, धोंडे यायला लागले होते. आणि शेवटच्या पानावर एक खूर तेवढा उरला.

नागोजी भिंतीकडे तोंड करूनच बसला होता. त्याला दिसत काहीच नव्हतं. पण पळसाचं पान सरकलं की सळसळतं, आणि म्हाताऱ्याचे कान त्या सळसळीवर पिकले होते. तो न वळता म्हणाला, "डोंगऱ्या, मघापासून इथं कुणी खोकतंय का रे?"

डोंगऱ्यानं ते गवताळ डोकं खाली घातलं.

"हो," तो म्हणाला. "मी खोकतोय."

ठकूबाई मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं. नागोजी भिंतीकडून वळला, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोही रडला. डोंगऱ्या म्हणाला, "बाई, डोंगर तोलणं सोपं आहे. तो माझ्याकडे बघत नाही." एवढं बोलून तो उठला, एका खुराचं ते पान तिथंच सोडून निघाला. पण दोन दिवसांचा उपाशी तो. गुडघे लटपटले आणि चौकातच बसला. वरून एक धोंडा सुटला आणि पाण्याच्या टाकीचा काठ फोडून गेला.

तेव्हा गर्दीतून कोंडाबाई आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात पान. ती घाबरत घाबरत डोंगऱ्यापुढं उभी राहिली. "काल तुमचा वाटा मी खाल्ला, बाबा," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं." आणि तिनं आपल्या पानावरचा एक तुकडा काढून त्याच्या पानावर ठेवला. सगळं पान नाही दिलं हां, एकच तुकडा. तिलाही बाळाला पाजायचं होतं. मग आवली आली, तिनं एक ठेवला. तांबट आला. आंधळा म्हातारा चाचपडत आला. ज्यांनी सकाळी म्हाताऱ्याला देऊन टाकलं होतं, ते खाली मान घालून आले. कुणाचंच पान रिकामं झालं नाही, आणि डोंगऱ्याचं पान भरून वाहायला लागलं. एवढ्याशा बोकडातून एवढा ढीग कसा झाला, ते आजवर कुणाला उमगलं नाही.

डोंगऱ्या जेवला. उठला. एक एक आळी ओलांडत वर गेला आणि कड्याला पाठ लावून बसला. कुरकुर थांबली. त्या रात्री तो अशा जोरानं कड्याला रेलला की पलीकडची दरड बाजूला सरकली आणि खिंड मोकळी झाली, असं म्हणतात. त्यानंतर तो कधी खाली आला नाही.

ठकूबाई पुढं पुष्कळ जगली. म्हातारपणी हात कापायला लागले तरी वाटे तीच घालायची. कुणी विचारलं, आता तुमचा हात सरळ आहे ना, तर ती म्हणायची, "नाही रे बाबा. म्हणून तर तुम्ही सगळ्यांनी बघायला पाहिजे." ती गेली त्या दिवशी तळपेठेतला एकही ढग घरात शिरला नाही, सगळे दाराशी खोळंबून राहिले, असं म्हणतात.

ते दुकान अजून आहे. नागोजीच्याच वंशातली माणसं चालवतात. आता तिथं तराजू आला, लोखंडी आकडे आले, गिऱ्हाइकांची गर्दी असते. पण ओंडक्याच्या उशाला पळसाचं एक पान मांडलेलं असतं, सकाळी रिकामं. मटण घेतलेला प्रत्येक जण आपल्यातला एक तुकडा त्यावर ठेवतो आणि मगच पायरी उतरतो. कुणी सांगत नाही, कुणी बघत नाही. संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी घरातलं वडीलधारं माणूस भिंतीकडे तोंड करून बसतं, कुणीतरी पानावर बोट ठेवतं आणि विचारतं, "हा कुणाचा?"

दुकानात असतील ते सगळे एका आवाजात म्हणतात, "ठकूबाईचा."

मग ज्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटलेली नसेल, तो पुढं येतो. त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. कधी एखादी म्हातारी असते, कधी शाळेतलं पोर असतं, कधी चांगला मिशाळ हमाल असतो, लाजेनं मान खाली घालून उभा. कुणीही असो, सगळे सरकून वाट करून देतात आणि म्हणतात, "या ठकूबाई." आणि कुणी हसत नाही.